पाऊस आपला, विहीर आपली, मग मोजणीही आपलीच
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे पावसाची चौकशी करताना "यंदा पाऊस कसा आहे?" असे विचारतात. उत्तर मिळते, "बरा आहे," "बेताचा आहे," नाहीतर "ओढे-नाले खळखळून वाहिले." विहिरीबद्दल विचारले तर "दोन परस पाणी आहे" किंवा "मोटार तासभर चालते" असे सांगितले जाते. या उत्तरांत चूक काहीच नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यात आहे. परंतु ऑक्टोबरमध्ये कांद्याचे रोप लावायचे की हरभरा पेरायचा, हे ठरवताना "बरा" आणि "बेताचा" या शब्दांवर हजारो रुपयांचा खर्च टाकावा लागतो. अंदाज चुकला तर फेब्रुवारीत विहीर तळ गाठते आणि पोसत आलेले पीक डोळ्यांदेखत वाळते. फळबाग असेल तर नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यांत मोसंबीच्या किती बागा वाळल्या आणि तोडाव्या लागल्या, हे आपण पाहिले आहे.

म्हणून आज पाऊस आणि विहिरीचे पाणी गावाने स्वतः मोजण्याविषयी बोलायचे आहे. सामान्य माणसांनी शास्त्रीय पद्धतीने नोंदी घ्यायच्या, त्या एकत्र करायच्या आणि त्यावरून निष्कर्ष काढायचे, याला अलीकडे नागरिक विज्ञान म्हणतात. आपण त्याला लोकांची मोजणी म्हणू. ही मोजणी सुरू करणे सोपे असते, टिकवणे अवघड असते. ती कशाने टिकते आणि वाढते, हाच आजचा मुख्य मुद्दा आहे.

सरकारी मोजणी असताना आपली कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवलेली आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मुख्य जाळ्यात सुमारे चार हजार निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. गावपातळीवर जलसुरक्षकांमार्फत मोजणी घेण्याचेही प्रयत्न झाले आहेत. ही कामे महत्त्वाची आहेत. जिल्ह्याचे, तालुक्याचे आणि पाणलोटाचे चित्र त्यावरूनच कळते.

परंतु महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. मंडळातील एका केंद्रावर अनेक गावांचा पाऊस ठरतो. आपला पाऊस तर शिवाराच्या एका अंगाला पडतो आणि दुसऱ्या अंगाला धूळ उडत राहते. भूगर्भाचेही तसेच आहे. राज्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडे सारखे पसरत नाही. ते मुरुमात, भेगांत आणि खडकाच्या सांध्यांत साठते. त्यामुळे एका विहिरीला पाणी असते आणि दोन बांध ओलांडले की दुसरी कोरडी असते. दूरच्या गावातील निरीक्षण विहिरीवरून आपल्या शिवारातील पाण्याचा निर्णय घेता येत नाही. त्यासाठी मोजणी आपल्या शिवारातच झाली पाहिजे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. गावाने घेतलेली नोंद सरकारी नोंदीची जागा घेत नाही. पीकविमा किंवा मदत यांचे निर्णय शासनाने ठरवलेल्या पद्धतीनेच होतात. आपली नोंद मुख्यतः आपल्या पिकाच्या निर्णयासाठी आहे. ही अपेक्षा आधीच स्पष्ट असली म्हणजे पुढे निराशा होत नाही.

आंध्रातील शेतकऱ्यांनी काय केले?

या कामाचे मोठे उदाहरण शेजारच्या राज्यातले आहे. २००३ नंतरच्या काही वर्षांत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी भूजलाचे व्यवस्थापन करण्याचा एक प्रकल्प राबवला गेला. अनंतपूर, चित्तूर, कडप्पा, कर्नूल, प्रकाशम, महबूबनगर आणि नलगोंडा हे ते जिल्हे. यांपैकी शेवटचे दोन आता तेलंगणात आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे त्याला साहाय्य होते आणि गावोगावचे काम स्वयंसेवी संस्थांनी केले. सहाशेहून अधिक गावे त्यात होती.

तेथे मोजणी करणारे लोक शेतकरीच होते, त्यांत स्त्रियाही होत्या. पाऊस रोज मोजला जाई. दोन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी घेतली जाई. आकडे कार्यालयात पाठवून काम संपत नसे. ते गावातल्या फलकावर सर्वांना दिसतील असे लिहिले जात. पावसाळा संपला की एका ओढ्याच्या पाणलोटातील गावांचे शेतकरी एकत्र बसत. जमिनीत पाणी किती आले, पिण्यासाठी किती राखायचे, रब्बीत कोणी काय पेरायचे म्हणतो आणि त्याला किती पाणी लागेल, याचा हिशोब सर्वांसमोर मांडला जाई.

पुढे कोणतीही सक्ती नव्हती. भात कमी करा असा हुकूम निघाला नाही आणि पाणी वाचवले म्हणून अनुदानही मिळाले नाही. तूट किती आहे हे डोळ्यांसमोर दिसल्यावर ज्याने त्याने आपापला निर्णय घेतला. अनेकांनी भाताचे क्षेत्र कमी केले, कमी पाण्याची पिके घेतली, ठिबक आणि आच्छादन वापरले. बहुतेक पाणलोटांत रब्बीतील उपसा कायमचा किंवा काही वर्षे कमी झाला. थोड्या ठिकाणी तो वाढलाही.

याची दुसरी बाजूही आहे. प्रकल्प संपल्यावर बऱ्याच ठिकाणी मोजणी मंदावली. विहिरी त्याच होत्या आणि शेतकरीही तेच होते. बैठक बोलावणारा, फलक रंगवणारा आणि आकडे जुळवून देणारा माणूस राहिला नाही. आपण कामाला लागण्यापूर्वी हा धडा पक्का लक्षात ठेवला पाहिजे.

हिवरे बाजारचा ताळेबंद

आपल्याकडे नगर तालुक्यातील हिवरे बाजार सर्वांना माहीत आहे. १९९० च्या दशकात श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे पाणलोटाची कामे झाली. चर, बंधारे आणि झाडे पाहायला लोक गर्दी करतात. परंतु त्या गावाचे वेगळेपण त्यानंतरच्या शिस्तीत आहे. गावाने सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली. ऊस-केळीसारख्या जास्त पाण्याच्या पिकांवर मर्यादा आणली. गावात पाऊस मोजला जातो, निवडक विहिरींची पातळी पाहिली जाते आणि त्यावरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस कमी झाला तर पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला ठेवले जाते, रब्बीचे क्षेत्र मग ठरते.

बंधाऱ्याने पाणी अडते. अडलेले पाणी किती आणि ते कोणी किती वापरायचे, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. बंधारे बांधूनही टँकर लागणाऱ्या गावांत अनेकदा हीच उणीव असते.

डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी अटल भूजल योजना जाहीर केली. तिच्यातही गावाने पाणी मोजणे आणि पाण्याचे अंदाजपत्रक करणे यांवर भर दिला गेला. म्हणजे ही कल्पना आता एखाद-दुसऱ्या आदर्श गावापुरती राहिलेली नाही.

पंचवीस वर्षांहून अधिक टिकलेली मोजणी

आता थोडे दूरचे उदाहरण. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचे शहर आहे. तेथे कृषी शिक्षणाची जुनी परंपरा असलेले राज्य विद्यापीठ आहे. जुलै १९९७ मध्ये त्या शहरात मोठा पूर आला आणि पाच माणसे दगावली. नंतर पाहणी केली तेव्हा दिसले की शहराच्या पश्चिम अंगाला साडेतीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता आणि काही किलोमीटरवर दुसऱ्या भागात त्याच्या काही अंशच. मोजण्याची ठिकाणे विरळ असल्याने धोका वेळेवर नीट कळला नाही.

त्यानंतर १९९८ मध्ये विद्यापीठातील हवामानतज्ज्ञांनी सामान्य लोकांना पाऊस मोजायला बोलावले. शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसे अंगणात साधा पर्जन्यमापक लावून रोज सकाळी नोंद देऊ लागली. मोबदला काही नाही, पर्जन्यमापकही बहुतेक जण स्वतःच्या पैशाने घेतात. आज हे जाळे त्या देशाच्या पन्नासही राज्यांत पसरले आहे आणि तेथील हवामान खाते या नोंदी वापरते.

त्यांच्या दोन गोष्टी आपण उचलाव्यात. पहिली, पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचे. रकाना कोरा राहिला तर पाऊस नव्हता की मोजायला कोणी गेले नाही, हे नंतर कळत नाही. आपल्या जुलै-ऑगस्टमधील पावसाचा खंड या शून्यांवरूनच मोजता येतो. दुसरी, दर मार्च महिन्यात तेथील राज्यांत नवे नोंदकर्ते जमवण्याची चढाओढ लागते आणि जिंकणाऱ्या राज्याकडे फिरता चषक जातो. जुने लोक गळतात हे गृहीत धरून नव्यांना बोलावण्याचे काम दरवर्षी ठरलेल्या वेळी केले जाते.

गावात सुरुवात कशी करावी?

१) पर्जन्यमापक : सुरुवातीला शिवाराच्या दोन-तीन दिशांना मिळून दोन किंवा तीन पुरेत. बाजारातील साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक चालतो. तो मोकळ्या जागेत, सपाट आणि घट्ट बसवावा. झाड, भिंत किंवा छप्पर यांची जेवढी उंची असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. नरसाळ्याचा पर्जन्यमापक असल्यास त्याच्यासोबत मिळालेले मोजपात्रच वापरावे, दुसऱ्याचे वापरू नये. रोज सकाळी साडेआठ वाजता वाचन घेऊन पाणी ओतून द्यावे.

२) निरीक्षण विहिरी : माथ्यावर, मधल्या उतारावर आणि ओढ्याकाठी अशा मिळून सहा ते दहा विहिरी निवडाव्यात. केवळ पाणी भरपूर असलेल्या विहिरी निवडल्यास चित्र खोटे येते. लवकर आटणारी विहीरही यादीत असावी. मालकाची संमती आधी घ्यावी.

३) मोजण्याची खूण : विहिरीच्या कठड्यावर एके ठिकाणी रंगाची खूण करावी आणि दर वेळी तेथूनच टेप सोडावा. टेपच्या टोकाला वजन बांधावे. खुणेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मीटरमध्ये लिहावे. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला मोजणी करावी.

४) पंपाची विश्रांती : उपसा चालू असताना किंवा नुकताच थांबला असताना घेतलेली पातळी फसवी असते. पंप बंद होऊन निदान रात्रभर झाली असेल अशी सकाळ निवडावी. वीज रात्रीच्या पाळीत असेल तर मालकाशी बोलून एक दिवस पुढेमागे करावा. तेही जमले नाही तर नोंदीपुढे "पंप चालू होता" एवढे लिहून ठेवावे.

५) नोंदवही आणि फलक : वही एकच असावी आणि ती गावातच राहावी. खाडाखोड करू नये. चूक झाल्यास एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहावा. चावडी, शाळा किंवा दूध संकलन केंद्र यांपैकी जेथे रोज लोक येतात तेथे फलक लावावा. त्यावर या वर्षीचा आणि गेल्या वर्षीचा याच तारखेचा आकडा शेजारी-शेजारी लिहावा.

आकड्यांचा उपयोग : एक नमुना

नुसत्या आकड्यांनी पोट भरत नाही. त्यांचा हिशोब कसा करावा हे एका कल्पित गावाच्या उदाहरणाने पाहू. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी पडले. गावाचे क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर एकूण पाणी ४० लाख घनमीटर होते. यातील बहुतेक पाणी वाहून जाते, पिके वापरतात किंवा वाफ होऊन उडते. कातळाच्या भागात साधारण दहा टक्के जमिनीत मुरते असे धरू. म्हणजे ४ लाख घनमीटर.

गावाची लोकसंख्या १,५०० आणि माणशी रोज ५५ लिटर धरल्यास वर्षाला ३० हजार घनमीटर लागतात. ५०० जनावरांना सरासरी ५० लिटरप्रमाणे ९ हजार. हे सुमारे ४० हजार घनमीटर आधी बाजूला ठेवायचे. खरिपातील संरक्षित पाणी आणि ओढ्याला पाझरून जाणारे पाणी मिळून १ लाख २० हजार धरले तर रब्बीसाठी २ लाख ४० हजार घनमीटर उरतात.

आता हेक्टरी हरभऱ्याला २ हजार, गव्हाला ४ हजार आणि रब्बी कांद्याला ६ हजार घनमीटर पाणी धरू. गावाचा बेत ३० हेक्टर कांदा, ४० हेक्टर गहू आणि ५० हेक्टर हरभरा असा असेल, तर गरज ४ लाख ४० हजारांची होते. तूट २ लाखांची. म्हणजे पेरणीपूर्वीच कळले की यातील बरेच पीक शेवटच्या पाण्याला मुकणार. त्याऐवजी १५ हेक्टर कांदा, १० हेक्टर गहू आणि ५५ हेक्टर हरभरा घेतला तर हिशोब बरोबर जुळतो. ठिबक वापरल्यास कांद्याचे क्षेत्र थोडे वाढवताही येईल.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावची माती, खडक, उतार आणि पीक यांप्रमाणे ते बदलतील. त्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची आणि भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाची मदत घ्यावी. पहिल्या वर्षी अंदाज चुकला तरी चालेल. प्रत्यक्ष पातळी किती घसरली हे वहीत असल्याने दुसऱ्या वर्षी तो सुधारतो.

लोक का गळतात आणि कसे टिकवावेत?

पहिल्या पावसाला उत्साह असतो. गणपती येईपर्यंत तो निम्मा होतो आणि दिवाळीला वही कपाटात जाते. याची कारणे साधी असतात आणि उपायही साधेच आहेत.

सर्व भार एकाच माणसावर पडतो, हे पहिले कारण. प्रत्येक पर्जन्यमापकाला आणि प्रत्येक विहिरीला दोन माणसे नेमावीत. एकजण लग्नाला किंवा बाजाराला गेला तरी नोंद चुकत नाही. घरातील स्त्रिया आणि शाळेतील वरच्या वर्गातील मुले हे काम नेटकेपणाने करतात. विहिरीवर मात्र मुलांना एकटे पाठवू नये, मोठे माणूस बरोबर असावेच.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. माणूस मोजत राहतो आणि त्या आकड्याचे पुढे काय झाले हे त्याला कोणी सांगत नाही. आकडा वर गेला आणि खाली परतच आला नाही, तर तिसऱ्या महिन्यात हात थांबतो. म्हणून दर महिन्याला पारावर पंधरा मिनिटांची बैठक घ्यावी. ज्याने मोजले त्यानेच आकडा वाचून दाखवावा. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पिकाचा निर्णय करताना त्याची वही टेबलावर असावी. आपल्या आकड्यावरून गावाने काही ठरवले, हे पाहिलेला माणूस सहसा मोजणी सोडत नाही.

तिसरे कारण भीती. "विहिरीचा आकडा दिला तर उद्या पंपावर बंधन येईल," असे अनेकांना वाटते. ही शंका हसण्यावारी नेऊ नये. वही गावाच्या मालकीची राहील आणि बाहेर काय द्यायचे ते ग्रामसभा ठरवील, असा ठराव आधीच करावा. मालकाला संकोच वाटत असेल तर फलकावर त्याच्या नावाऐवजी विहिरीचा क्रमांक लिहावा.

चौथी अडचण सर्वांत नाजूक आहे. ज्याच्याकडे खोल बोअर आणि मोठा पंप आहे तो म्हणतो, "माझ्या शेतात, माझ्या पैशाने पाणी काढतो." त्याच्याशी भांडून काही साधत नाही. खडकाच्या भेगा बांध ओळखत नाहीत, हे त्याला फलकच दाखवतो. त्याच्या बोअरशेजारच्या तीन विहिरी कोणत्या पंधरवड्यात किती उतरल्या, हे सर्वांसमोर असले की बोलणे आरोपावरून आकड्यावर येते. तो लगेच ऐकेल असे नाही. परंतु लहान शेतकऱ्याला आपली विहीर का आटली हे मांडण्यासाठी प्रथमच काहीतरी हातात येते. आणि मोठ्यालाही आपला बोअर दरवर्षी किती खोल करावा लागतो याचा हिशोब दिसतो.

पाचवी गोष्ट आंध्रच्या अनुभवातून येते. काम बाहेरच्या संस्थेच्या भरवशावर ठेवू नये. टेप, रंग आणि वही यांचा खर्च थोडा असतो. तो ग्रामपंचायत, सोसायटी किंवा बचत गट यांनी उचलावा. दरवर्षी मृगापूर्वी एक दिवस ठरवून पर्जन्यमापक स्वच्छ करावेत, खुणा नव्याने रंगवाव्यात आणि त्याच दिवशी दोन-चार नव्या माणसांना व शेजारच्या एका गावाला बोलावावे. ओढा दोन्ही गावांतून वाहतो, तेव्हा मोजणीही तेथपर्यंत गेली पाहिजे.

हात बसला की हाच गट पुढे किडींच्या नोंदीही घेऊ शकतो. कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज मोजावेत. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग आढळले तर उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. एका शेतातील सापळा एका शेतकऱ्याला सावध करतो. वीस शेतांतील आकडे एका फलकावर आले तर सगळा गाव वेळेवर सावध होतो आणि विनाकारण होणारी फवारणीही वाचते.

शेवटी एवढेच सांगतो. येथून गेल्यावर मोठी समिती स्थापन करण्याची घाई करू नका. एक पर्जन्यमापक, चार विहिरी, आठ माणसे आणि एक वही एवढ्यावर येत्या हंगामात सुरुवात करा. ऑक्टोबरमध्ये तो फलक ग्रामसभेत ठेवा आणि रब्बीचा एक तरी निर्णय त्यावरून करा. तेवढे जमले की पुढच्या वर्षी माणसे बोलवावी लागणार नाहीत. अडचण आली तर विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रे आपल्या मदतीला आहेतच.